मागच्या जीपची वायर

जळोचीच्या वायरिंगवाल्यानं मला फसवलं. राहण्याची सोय असलेली मोठी गाडी मी भाड्यानं देतो आणि तिच्यामागं जीप ओढत नेतो. ओढताना जीपचा ब्रेक तिच्याच बॅटरीवर लागतो, म्हणून ती बॅटरी पुढच्या गाडीवरून चार्ज होत राहावी लागते. त्यासाठी जाड वायर ठरली होती. मी घासाघीस करणारा माणूस, पण त्या वायरीचा भाव मी पाडला नव्हता.

काम करताना तो गाडीशी बोलायचा, "थांब गं बाई, झालंच." मग वायरीची टोकं घासून ठिणगी पाडायचा. "बघा आबा, जिती हाय!"

इंदापूरजवळच्या उतारावर जीपची बॅटरी उतरलेली होती. ब्रेक लागला नाही, जीपनं पुढच्या गाडीला रेटलं, गाडी रस्त्याकडेच्या चारीत गेली आणि माझ्या ड्रायव्हरचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. नंतर मी वायरीवरचा पाइप फाडला. आत उसाच्या ट्रॉलीच्या दिव्याला लावतात तसली बारीक वायर होती.

तेव्हापासून हा वायरिंगवाला रोज त्याला दवाखान्यात डबा आणतो. भाकरी कुस्करून देतो, चादर सारखी करतो. मी वायरीचा विषय काढला की म्हणतो, "आबा, आधी त्याला जेवू द्या की." ड्रायव्हर उलट माझ्यावरच चिडतो. "मालक, सख्खा भाऊ एवढं करत न्हाय."

त्याची माया खोटी वाटत नाही, म्हणूनच जास्त संताप येतो. त्याला माझं एवढंच म्हणणं, डबा खुशाल आण. पण या पाय गेलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघून सांग, ती बारीक वायर पाइपात कुणी घातली?