पाय न टेकता

मी बी.ए. झालो, घराण्यातला पहिला. त्यासाठी नवस बोलला होता माझा मित्र: मी पास झालो तर तो तुळजापूरचा घाट पाय न टेकता सायकलवर चढेल.

सोलापुरातून दोघे निघालो. घाट लागताच मी उतरून सायकल ढकलू लागलो. तो उभा राहून पायडल मारत, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी चढत होता. अवघड वळणावर त्याचं चाक थांबायला आलं.

“उतर की. देवी समजून घेईल,” मी म्हणालो.

“तू पास हुशील असं वाटलंच न्हवतं, म्हणून तर एवढं अवघड बोललो,” तो धापा टाकत म्हणाला आणि पुढे गेला.

मी माथ्यावर पोचलो, तेव्हा तो अजून सायकलवरच गोल गोल फिरत होता. ज्याच्यासाठी नवस, तो मी वर आल्याशिवाय माझा मित्र उतरणार नव्हता.