पंखामायची खोळ

लहानू खोब्रागडे सोळा वर्षं नौदलाच्या कामावर होता आणि समुद्र त्यानं कधी पाहिला नव्हता. यात त्याची काही चूक नव्हती. मुंबईच्या कोण्या साहेबाच्या मनानं घेतलं, की खाऱ्या हवेनं सामान सडते, तर लढाऊ बोटींचे सुटे भाग समुद्रापासून होईल तितके लांब ठेवावे. नकाशात मधोमध पाहावं तर नागपूर. मग अमरावती रोडवर वाडीला, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या रांगेत, एक टिनाचं गोदाम भाड्यानं घेतलं. उजवीकडं संत्र्याच्या पेट्या, डावीकडं सिमेंट आणि मधात भारताचं नौदल.

लहानू तिथला स्टोअरबाबू. मॅट्रिक पास, अक्षर टपोरं. छप्पन साली घरादारासकट बुद्धाची दीक्षा घेतली तेव्हा त्यानं स्वतःच्या हातानं घरातले देव बाहेर काढले. तेव्हापासून हात कोणापुढं जोडले नाहीत. साहेबापुढंही नाही, म्हणून बढतीचा विषय कधी निघाला नाही. त्याची एकच घमेंड होती: सोळा वर्षांत गोदामातला एक बोल्ट इकडचा तिकडं झाला नव्हता.

गोदामात देव आला तो नत्थूच्या पायानं. नत्थू हमालांचा मुकादम, वयानं थोर, आवाजानं त्याहून थोर. पहिल्याच दसऱ्याले त्यानं विचारलं, "बाबू, हत्यारं कुठं हायेत जी? पूजा कराची हाय."

"हत्यारं नाहीत गा. बोटी तिकडं हायेत. इथं नुसते त्याइचे तुकडे."

नत्थू गोदाम फिरला. शेवटच्या रॅकपाशी त्याले पितळी रंगाचा पंखा दिसला. बोटीच्या बुडाशी फिरतो, पाणी कापतो, बोट पुढं रेटतो, तो. तीन पानांचा, कमरेइतका उंच, अडीच क्विंटलचा. नत्थूनं त्याले तेलात कालवलेला शेंदूर लावला, नारळ फोडला आणि नावही ठेवून टाकलं. पंखामाय.

लहानूनं होऊ दिलं. हमाल बारा आणि तो एकटा, आणि वर्षभर सामान त्यांच्याच खांद्यावरून हलायचं होतं. नत्थूनं खोबरं पुढं केलं तेव्हा त्यानं खोबरं म्हणून खाल्लं.

असे सोळा दसरे झाले. दर दसऱ्याले एक थर. पंखामायवर बोटभर जाड खोळ चढली, पानांच्या धारा गोल झाल्या, आणि लांबून पाहणाऱ्याले तिथं पंखा आहे हे ओळखू येईना.

एकोणऐंशीच्या मे महिन्यात मुंबईहून कागद आला. हे भाग ज्यांचे, त्या गस्ती बोटी म्हाताऱ्या झाल्या होत्या. आपल्या नौदलाले नको होत्या, पण दूरच्या एका बेटाच्या देशाले चालणार होत्या. त्या देशाचं नाव लहानूले वाचता येत होतं, उच्चारता येत नव्हतं. बोटींसोबत सुटे भागही विकले होते. त्या देशाचा अधिकारी आणि मुंबईचा साहेब शुक्रवारी येतील, एकेक भाग त्यावर ठोकलेल्या नंबरावरून ताब्यात घेतील. नंबर जुळला नाही तो भाग गहाळ धरला जाईल आणि स्टोअरबाबूची चौकशी होईल.

लहानू कागद घेऊन शेवटच्या रॅकपाशी गेला. नंबर पंख्याच्या मधल्या गोळ्यावर होता. म्हणजे कुठंतरी शेंदराच्या पोटात.

"नत्थूभाऊ, हे खरडा लागते."

नत्थूनं कानावर हात ठेवले. "खोळ काढत नसते बाबू. ते आपल्या मनानं गळते. आणि तुमी तर बिलकूल हात लावू नका. उद्या वाडीत उठवतीन, की बुद्धाच्या माणसानं मायची कातडी सोलली. मले सांभाळता येनार नाई."

"नंबर नाई दिसला तर माही नोकरी जाते."

"ते बी खरं हाय," नत्थू म्हणाला आणि बिडी पेटवायले बाहेर गेला.

घरी बायको कौसल्येनं भाकर वाढता वाढता सगळं ऐकलं. "घरचे देव काढाले तुमाले एक सकाळ पुरली जी. हा तर सरकारचा पंखा हाय."

"ते आपले होते वं. आपले काढता येतात."

"मंग सोळा वर्षं वाढू काहून देल्ला?"

लहानूनं भाकर खाल्ली. खोळीविषयी नत्थू बोलला ते मात्र त्याच्या डोक्यात राहिलं. गळते तर गळते. मेच्या उन्हात नागपुरात डांबर वितळते, शेंदूर काय चीज आहे.

बुधवारी सकाळी त्यानं हुकूम सोडला, मोजमाप घ्यायचं आहे, पंखा बाहेर काढा. सहा हमालांनी चेनकप्पीनं पंखामाय गाडीवर घेतली आणि अंगणात नेऊन ठेवली. दुपारपर्यंत ऊन असं झालं की टिनाकडं पाहवेना. खोळ मात्र गळली नाही. ती मऊ झाली, चमकायले लागली आणि सोळा वर्षांचं तेल थेंबथेंब पाझरू लागलं.

"बापा!" नत्थू ओरडला. "मायले घाम फुटून राहिला!"

संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीत झालं. ट्रकचे क्लीनर आले, सिमेंटवाले आले, भाड्याच्या खोल्यांतल्या बाया हळदीकुंकू घेऊन आल्या. गेटवर एकानं नारळाची पाटी मांडली. सोळा वर्षं जो देव एका गोदामाचा होता, तो लहानूनं एका दिवसात वाडीचा करून दाखवला.

गुरुवारी दुपारी अंगणात शंभरेक माणसं होती. लहानू खुर्ची टाकून सावलीत बसला होता आणि चौकशीत काय सांगावं ते मनाशी जुळवत होता. तेवढ्यात नत्थूची बायको कांताबाई रांजणातलं पाणी भरून दोन बादल्या घेऊन आली.

"कालपासून माय घामानं भिजली, अन् तुमी सारे टकमक पाहून राहिले," ती नवऱ्याले म्हणाली. "कोनाले आंघोळ सुचली काय गा?"

"मुहूर्त तं पाहू दे."

"घामोळं आल्यावर मुहूर्त पाह्यता काय?" म्हणत तिनं अख्खी बादली वरून ओतली.

तापल्या धातूवर गार पाणी पडलं. आधी चर्र झालं, मग आतून कडकन आवाज आला. खोळीले वरून खालपर्यंत भेग गेली. कांताबाईनं दुसरी बादली ओतली, आणि सोळा दसरे एकदम खपलीसारखे सुटून खाली आले. मधात नवाकोरा पिवळाधमक पंखा. गर्दी दोन पावलं मागं सरली. मग नत्थूनंच जयजयकार केला, कारण दुसरं काय करावं ते त्याले सुचलं नाही.

लहानू उठला. लोकांमधून वाट काढत पंख्यापाशी गेला, हात न लावता वाकला आणि आकडे वाचले. चार, एक, सात, दोन, नऊ. खिशातला कागद काढून पुन्हा वाचले. मग त्यानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"जुळलं काय बाबू?" नत्थूनं हळूच विचारलं.

"जुळलं."

"मी म्हनलंच होतं. आपल्या मनानं गळते."

शुक्रवारी साहेब आले. परदेशी अधिकाऱ्यानं पंखा ठोकून पाहिला, धारेवरून अंगठा फिरवला, डाग नाही, खड्डा नाही. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या घमेल्याकडं गेली. खोळीचे तुकडे नत्थूनं कन्हान नदीच्या पाण्यात सोडायले भरून ठेवले होते.

मुंबईच्या साहेबाच्या कपाळावर आठी आली. "ये क्या है?"

लहानू खोटं बोलणारा नव्हता. "शेंदूर, साहेब."

"कब से?"

"सोळा दसऱ्यापासून."

परदेशी अधिकाऱ्यानं एक तुकडा बोटांत चुरला, हुंगला आणि बराच वेळ इंग्रजीत बोलला. मुंबईचा साहेब ऐकत गेला तशी त्याची आठी गेली. "ये बोल रहे हैं, इनके यहाँ जहाज़ के लोहे को यही लाल सीसा, यानी सिंदूर, तेल में लगाते हैं. पंखे को किसी ने इतने प्यार से लगाया, ये पहली बार देखा." ताब्याच्या कागदावर शेरा पडला: जपणूक उत्कृष्ट.

ट्रक लागला तेव्हा मात्र हमाल हलेनात. नत्थू पंख्यापुढं उभा.

"कुठं बसवतीन हिले?"

"बोटीखाली," लहानू म्हणाला.

"म्हंजे पान्यात?"

"पान्यात. बोट चालते तोवर वर येत नाई."

नत्थूनं बिडी विझवली. "मंग पयले काहून नाई सांगतलं जी? आमाले वाटलं, विकून राहिले. पान्यात सोडतेत तं चांगलंच हाय. लावा बे कप्पी!"

पंखा गेला. त्याच्यासोबत बाकीचं बरंचसं सामानही गेलं. आणि दसऱ्याच्या आठ दिवस आधी मुंबईहून नवा आदेश आला, की नागपूर गोदामातली जपणुकीची पद्धत चांगली आढळल्यानं तिथल्या उरलेल्या सर्व धातूच्या भागांना वर्षातून एकदा तोच लेप द्यावा, आणि तो स्टोअरबाबूनं स्वतः उभं राहून द्यावा.

लहानूनं आदेश दोनदा वाचला. पोच लिहिताना 'लाल रंग' असं लिहिलं आणि खाली सही केली.

दसऱ्याले नत्थू शेंदराची वाटी घेऊन आला, बोटं बुडवली आणि जवळच्या पंपाकडं वळला. लहानू रंगाऱ्याचा ब्रश घेऊन उभा होता.

"थांब गा नत्थूभाऊ," तो म्हणाला. "पयले याचा नंबर कुठं हाय ते पाहू दे."