वांग्याची टोपी

कृषी प्रदर्शनाला मुंबईहून मंत्री येणार म्हटल्यावर बारामतीत आधी कमिटी झाली, मग मांडव आणि मग नियम. फोटोग्राफर पुण्याहून येणार होता. फोटोत सगळे एकसारखे शोभावेत म्हणून अध्यक्षांनी एक सूचना काढली, आणि अक्षर बरं म्हणून ती मला लिहायला सांगितली. मी तेव्हा अंथुर्ण्याला मास्तर होतो. 'बक्षीस घेणाऱ्याने पांढरी टोपी घालूनच व्यासपीठावर यावे.' बक्षीस मिळालेल्यांत जळोचीची माझी चुलती आहे हे मला ठाऊक होतं. तरी लिहिताना काही खटकलं नाही.

काकीची वांगी पहिली आली होती. रोपं, खत, पाण्याची पाळी सगळं तिनंच सांभाळलेलं. सूचना वाचून चुलत्यांना मात्र बरंच वाटलं.

"मी घेतो की जाऊन. टोपी हाय माझ्याकडं."

"आन् वांगी कुणाची हायती?"

"रान माझ्या नावावर हाय."

"मग रानाला बक्षीस मिळालं की घ्या." आणि माझ्याकडं वळून, "मास्तर, टोपीवर काय असू नये, असं काय लिवलंय का कागदात?"

"नाही."

"बरं झालं."

समारंभाला ती हिरवं लुगडं नेसून आली. डोक्यावरच्या पदराखाली काहीतरी होडीसारखं उभं राहिलं होतं. मागून चुलते आले, डोक्याला टॉवेल गुंडाळून. त्यांची परीटघडीची टोपी एकच होती.

पायरीशी स्वयंसेवकानं तिला अडवलं. "मावशी, टोपीशिवाय वर सोडत न्हाय. मालकांना पाठवा."

काकीनं पदर जरा मागं सारला. खाली चुलत्यांची टोपी होती, आणि तिच्यावर जांभळ्या दोऱ्यानं भरलेलं एक वांगं, देठासकट.

"हे काय?"

"वांगं. बक्षीस कशाचं हाय ते कळाया नगं?"

"पांढरी टोपी पाहिजे."

"मग ही काय काळी हाय व्हय?"

मांडवात हसू पसरलं. मंत्री खोळंबले होते. अध्यक्षांनी मला सूचना पुन्हा वाचायला सांगितली. इतक्या खणखणीत आवाजात मी वर्गातही कधी वाचलं नव्हतं. वाचून होईपर्यंत काकी चार पायऱ्या चढून गेलीसुद्धा.

बक्षीस होतं फेटा. बाईच्या हाती पडेल असं तिथंही कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मंत्र्यांनी तो बांधायला म्हणून अर्धा उलगडला, टोपीवरचं वांगं पाहिलं आणि परत घडी घातली. काकीनं तो दोन्ही हातांनी घेतला, फोटो निघेपर्यंत जागची हलली नाही, आणि खाली येऊन तो चुलत्यांच्या मांडीवर ठेवला.

"घ्या. मला टोपी बास हाय."

फेटा बरीच वर्षं ट्रंकेतच राहिला. पुढच्या बाजाराला चुलते निघाले ते वांग्याची टोपी घालून. लोक विचारायचे तेव्हा म्हणायचे, "घरातनं मागून आणलीया. तिची हाय."