कांचननं राखलेली सायकल

"बिल्ला खिशात असला की माणूस हरवत नाही," असं गिरीशराव जगदाळे नेहमी म्हणायचे. किल्ली सापडली नाही तरी हेच, विमान चुकलं तरी हेच. अमेरिकेत सनीव्हेलच्या मराठी मंडळींना त्या बिल्ल्याची गोष्ट पाठ झाली होती, आणि त्यांच्या बायकोला, कांचनला, तर ती झोपेतसुद्धा सांगता आली असती.

मुलगा नकुल दोन वर्षांचा असताना कंपनीनं गिरीशरावांना एका हिवाळ्यात बीजिंगला धाडलं, कारखान्यात यंत्रं बसवायला. बरोबरचे साहेब सुट्टीच्या दिवशी हॉटेलात हीटरला चिकटून बसत. हा गडी बारामतीकडच्या मळ्यातला. यानं एक जुनी काळी सायकल पैदा केली आणि अख्खं शहर पालथं घातलं. गोठलेली तळी, राखी भिंतींच्या गल्ल्या, फुटपाथवर छातीइतके रचलेले कोबीचे ढीग, पत्र्याच्या पिंपावर भाजलेली रताळी. सायकल कुठं लावायची म्हटली की दंडाला लाल पट्टी बांधलेली एखादी म्हातारी पुढं यायची. तिच्याजवळ बांबूच्या जोडपट्ट्या असायच्या. एक पट्टी ती हँडलला अडकवायची, दुसरी गिरीशरावांच्या हातावर ठेवायची. तोच बिल्ला. हजार काळ्या सायकलींत आपली कुठली ते त्या पट्टीला ठाऊक.

"आणि म्हातारी उठून गेली तर?" कुणीतरी दरवेळी विचारायचं.

"ती जात नाही. आपण परत येईपर्यंत बसून असते," गिरीशराव म्हणायचे, आणि कांचन स्वयंपाकघरातून तेच वाक्य ओठांनी बोलायची.

दिवाळीपासून मात्र गिरीशरावांचं काहीतरी सैल झालं होतं. चहाचं आधण आटून जायचं. नातीचं नाव जिभेवर यायचं नाही. नकुल आता देशाच्या दुसऱ्या टोकाला, अ‍ॅशबर्नला राहत होता. फोनवर तो म्हणाला, "आई, बाबांची सायकल बंद कर. इट्स नॉट सेफ."

"पाय काढून घेऊ का त्यांचे?" कांचन म्हणाली. "वय झालंय, एवढंच आहे ते."

नकुलनं मग वाद घातला नाही. नाताळात आला तेव्हा सायकलच्या सीटखाली बटणाएवढा ट्रॅकर चिकटवून गेला, ती कुठं आहे ते त्याच्या फोनवर दाखवणारा.

जानेवारीतली सकाळ होती. धुकं असं उतरलं होतं की समोरच्या घराचं छप्परही दिसेना. गिरीशराव कानटोपी घालून सायकलनं कोपऱ्यावर दूध आणायला गेले. तासाभरानं नकुलचा फोन आला.

"आई, घाबरू नकोस. बाबा क्युपर्टिनोला आहेत का?"

"दूध आणायला गेलेत रे."

"सायकल तिथं दाखवतेय. त्या मोठ्या चायनीज ग्रोसरीपाशी."

कांचननं गाडी काढली आणि शेजारच्या त्या गावाकडं वळवली. चांगली कानउघाडणी करायची, असं ती वाटभर ठरवत होती.

दुकानासमोर कोबीची खोकी छातीइतकी रचलेली होती. पाट्यांवरची चिनी अक्षरं धुक्यात तेवढी लाल दिसत होती. पार्किंगच्या कडेला काही म्हाताऱ्या संथपणे हात हलवत व्यायाम करत होत्या. सायकल खांबाला टेकून उभी होती, कुलूप नाही. तिच्याजवळ घडीच्या खुर्चीवर जाड कोट घातलेली एक चिनी आजी बसली होती. हँडलला रबरबँडनं एक बांबूची काडी बांधलेली होती.

"ही माझ्या नवऱ्याची सायकल," कांचन इंग्रजीत म्हणाली.

आजी तोडक्या इंग्रजीत हसत हसत बोलली. तुझा नवरा गमत्या आहे. मोडक्या चिनीत म्हणाला, सायकल सांभाळा. पूर्वी बीजिंगला माझी सासू हेच काम करायची. मी म्हटलं, ठीक आहे. पिशवीत जेवणाच्या काड्यांची जोडी होती, ती मोडली. एक इथं, एक त्याला. किती खूश झाला.

कांचनलाही हसू आलं. हे तर त्यांचंच नाटक.

तेवढ्यात गिरीशराव बाहेर आले. हातात कागदात गुंडाळलेलं वाफाळतं रताळं. चाल तरण्या माणसाची.

"अहो," कांचन म्हणाली, "दूध कुठंय?"

ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की तिला क्षणभर वाटलं, झालं, ओळख पटली.

"वा," ते म्हणाले. "बाई, तुम्ही मराठी? इथं बीजिंगला मराठी माणूस भेटेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. कुठल्या तुम्ही?"

कांचनच्या हातातली किल्ली खाली पडली. सेहेचाळीस वर्षं 'अगं' म्हणणारा माणूस तिला नमस्कार करून अदबीनं उभा होता. फोन खिशात थरथरत होता. तिला तो घ्यायचं भान राहिलं नाही.

"साताऱ्याची," ती कशीबशी म्हणाली.

"आमची मंडळीही साताऱ्याचीच. कांचन नाव. सनीव्हेलला आहे, पोर लहान आहे." त्यांनी रताळं मोडून अर्धं तिच्यापुढं केलं. "घ्या. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही तुम्ही. ती पण अशीच करते. रागावली की जेवत नाही."

"रागावते फार?"

"तोंडानं. आतून नाही." ते हसले. "तिला एकदा हे सगळं दाखवायचंय. पण ती म्हणते, थंडीत कशाला उंडारायचं."

चिनी आजीला शब्द कळत नव्हते, पण तिचं हसू आता विझलं होतं. ती उठली आणि कांचनच्या मागं येऊन उभी राहिली.

मीच कांचन, असं म्हणायला कांचननं तोंड उघडलं. पण मग हा माणूस कुणापाशी राहील? त्याच्या बीजिंगमधून त्याला ओढून काढलं आणि बाहेर त्याला काहीच ओळखीचं दिसलं नाही तर?

"आता कुठं निघालात?" तिनं विचारलं.

"इथला जुना नगारखाना बघायचा राहिलाय." त्यांनी दुकानांच्या ओळीच्या टोकाला असलेल्या घड्याळाच्या मनोऱ्याकडं बोट केलं. "एवढा बघून येतो."

"बिल्ला आहे ना खिशात?"

त्यांनी कोटाच्या खिशातून बांबूची काडी काढून दाखवली, पुन्हा नीट आत ठेवली, वरून थोपटली. "बिल्ला खिशात असला की माणूस हरवत नाही."

"मी सायकलीपाशीच आहे."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि रताळं खात दुकानांच्या पडवीतून चालू लागले.

आजीनं आपली खुर्ची कांचनच्या मागं सरकवली. कांचन बसली. एका हातात हँडल, दुसऱ्यात निवत चाललेलं अर्धं रताळं. त्या दोघी धुक्यात लहान होत जाणाऱ्या कानटोपीकडं बघत राहिल्या.