मधूचा घास आणि आमचे अभिप्राय

विषय : वटार गावचे श्री. मधुकर, सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक, यांचा घास छातीत अडकत असल्याबाबत.
संदर्भ : तलावाकाठच्या बाकावर वेळोवेळी झालेली तोंडी चर्चा.

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आम्ही तिघे निवृत्त कारकून एकत्र बसलो की किस्से साठतातच. कपाट भरलं म्हणून फायली यायच्या थांबत नाहीत, तसंच. पूर्वी किस्से साहेबांचे असायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो. हल्ली ते दवाखान्यांचे आणि खिडक्यांचे असतात. हसू अजूनही येतं, पण मागोमाग संताप येतो आणि तोच जास्त वेळ टिकतो.

*

सुरुवात पोळीपासून झाली. मधू छातीवर मूठ ठेवून म्हणाला, "इथे थांबतं रे काहीतरी." डॉक्टरच्या आधी त्याने आम्हाला विचारलं, ही त्याची पहिली चूक.

जोसेफ हा आमच्यातला तिसरा. ऑफिसात आवक-जावक सांभाळायचा. त्याने जागेवर निकाल दिला, "कवळी सैल झालीय तुझी. न चावता गिळतोस!"

मधूने नवी कवळी करून घेतली. पंधरा दिवसांनी विचारलं, कसं काय?

"फर्स्ट क्लास! चावायला मजा येते. गिळायचं तेवढं राहिलंय."

*

मग माझा अभिप्राय. मला पित्त आहे, म्हणजे जगाला पित्त असणारच! घरात उरलेली गोळ्यांची पट्टी मी त्याला मोठ्या मायेने दिली. मधूने बाकावरच एक गोळी काढली आणि कोरडीच गिळली. आमच्या ऑफिसातला पाण्याचा कूलर वर्षानुवर्षं बंद होता. त्यामुळे कोरडी गोळी गिळणं हे आमच्या खात्याचं एकमेव कौशल्य.

"अरे, पाणी तरी घे!"

"सवय आहे."

गोळी मध्येच बसली. अर्धा तास मधू एक शब्द बोलला नाही. जोसेफ समाधानाने म्हणाला, "बघ, आराम पडला. किती शांत बसलाय!"

*

शेवटी स्टेशनजवळच्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी ब्लडप्रेशर घेतलं, मोबाइल पाहिला आणि निदान केलं, "टेन्शन. रिटायरमेंटनंतर होतं असं. काका, एखादी हॉबी लावून घ्या."

मधूची केळीची वाडी आहे, मोगऱ्याचे वाफे आहेत. उजाडल्यापासून माणूस मातीत असतो. मधूच्या पत्नी शालिनीवहिनी उसळल्या, "हॉबी ढीगभर आहेत हो! पोटात अन्न नाहीये त्यांच्या!"

डॉक्टरांनी मान डोलावली आणि भूक वाढवायचं टॉनिक लिहून दिलं.

भूक! सगळं बिघडलं होतं, तेवढी एक भूकच शाबूत होती.

*

एव्हाना पोळी बंद झाली होती, भातही वरणात कालवून जेमतेम जात होता. एका सकाळी दारावर मासळी घेऊन येणाऱ्या लुसीबाईने टोपली उतरवली. वहिनी म्हणाल्या, "आज बोंबीलही नको. तेही अडकतात यांना."

लुसीबाईचा हात टोपलीतच थांबला.

"बोंबील पन अडकतो? तोंडात घातला की पानी होतो तो! आणि दादा, हा शर्ट बगा तुमचा. दोन मानसं मावतील आत. गोल्या कसल्या खाता? मोठ्या डॉक्टरकडे जा, आजच्या आज!"

आठ महिन्यांत मधूच्या शर्टाकडे बघणारं हे पहिलं माणूस. आम्ही रोज शेजारी बसत होतो.

*

दुर्बिणीने तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई मात्र कामाच्या निघाल्या. म्हणाल्या, "पित्ताने अन्ननलिका आकसते. गोळी अडकून आत जखम होते. स्नायूंचं काम बिघडतं, अर्धांगवायूनंतरही असं होतं. आणि गाठही असू शकते. म्हणून आत बघायचं असतं, बाहेरून अंदाज करायचा नसतो." मग मधूकडे वळून त्या कडाडल्या, "आधी पोळी अडकली, मग भात, आता पेज. वजन उतरलंय. आठ महिने करत काय होतात तुम्ही?"

मधूने माझ्याकडे बोट दाखवलं.

"अभिप्राय मागवत होतो."



गाठच निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशन होण्यासारखं आहे, पण वेळ काढू नका.

*

ऑपरेशन मुंबईत, निवृत्तांच्या योजनेतून. त्यासाठी कार्यालयाचं परवानगीपत्र हवं, त्याशिवाय दाखल करून घेत नाहीत. अर्ज मीच लिहिला. रिपोर्ट, दाखले, फोटो, सगळं तीन प्रतींत. मधू, वहिनी आणि मी साहेबांसमोर उभे राहिलो. साहेबांचा चहा चालू होता.

"गिळण्यास त्रास होतो, हे कशावरून?"

"गाठ आहे साहेब," मी म्हणालो. "रिपोर्ट जोडलाय."

"रिपोर्ट गाठीचा आहे. त्रासाचा पुरावा कुठाय?"

मी तोंड उघडणार, तोच मधूने हात पुढे केला. साहेबांच्या बशीतलं एक बिस्किट उचललं, नीट चावलं आणि गिळलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग तो उठला. छाती दाबून धरली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, मान ताठ झाली. वहिनी पाठ चोळत ओरडल्या, "अहो, पाणी द्या कुणीतरी!" साहेबांनी स्वतःचा ग्लास पुढे सरकवला. मधूने घोट घेतला. तोही आत गेला नाही. घोट, बिस्किट, सगळं परत आलं, ते थेट टेबलावरच्या अर्जावर.

साहेबांनी अर्ज दोन बोटांत धरून उचलला, निथळू दिला आणि केराच्या टोपलीत टाकला.

"आता दोनच प्रती राहिल्या," ते म्हणाले. "तीन लागतात."

तिसरी प्रत दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडताच सादर केली. पोच घेतली. मधू सध्या गाळलेल्या पेजेवर आहे. अर्ज प्रलंबित आहे.