टर्बोचा नैवेद्य

खंडेनवमीची दुपार कलली की बनशंकरीतल्या आमच्या गल्लीत फुटलेल्या कोहळ्यांचा वास सुटतो. स्कूटर, रिक्षा, पाण्याचा टँकर, सगळ्यांपुढे दृष्ट काढून कुंकू भरलेले कोहळे आपटलेले असतात आणि उन्हात त्यांचा गर आंबू लागतो. लोकांना तो सणाचा वास वाटतो, मला नकोसा होतो. खिडक्या लावून घेतल्या तरी तो आत येतो आणि त्याच्यामागून अण्णाची शेड येते, डिझेलने काळवंडलेली, झेंडूच्या माळा घातलेली.

अण्णा माझा थोरला भाऊ. नव्वदच्या दशकात तो टर्बो दुरुस्त करायचा. इंजिनाच्या धुराच्या जोरावर गरगर फिरून त्याच इंजिनात जादा हवा कोंबणारं हे यंत्र, दिसायला गोगलगायीसारखं. लॉरीचे टर्बो तो गप्पा मारत जुळवायचा. पण आनेकलच्या एका बोअरवेलवाल्याने आपल्या परदेशी मशीनचा टर्बो आणला, तेव्हा गावातल्या सगळ्या मेकॅनिकांनी त्यापुढे आधीच हात टेकले होते. सुटे भाग मिळत नव्हते, आणि नवा मागवायचा तर त्या पैशांत आनेकलकडे घर बांधायला एक साइट आली असती. अण्णाला अशाच कामाची खाज. दांडा नव्याने घडवून घेतला, तो वाकडा निघाला. पुन्हा घडवला. मद्रासहून आलेली बेअरिंगं ढिली बसली, परत गेली. या कामापायी त्याने शेवटी स्वतःचा लेथ विकला, तेव्हा आम्ही त्याला वेड्यात काढलं. "हा एक फिरू दे, मग बघ कशी रांग लागते," एवढंच तो म्हणाला. त्या वर्षी पावसाने दगा दिलेला, खेडोपाडी बोअर मारून घ्यायला लोक घायकुतीला आलेले, आणि बोअरवेलवाला मात्र बसने येऊन स्टुलावर बसून राहायचा. "अण्णा, इवत्तु आगुत्ता?" आज होईल का, हा त्याचा एकच प्रश्न.

खंडेनवमीच्या सकाळी टर्बो जुळून तयार झाला. त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो, तेल क्षणभर तुटलं तरी सगळं संपलं. म्हणून तेलाच्या भोकावर कागदी पट्टी चिकटवायची आणि यंत्र गाडीवर चढेपर्यंत ती काढायची नाही, हा अण्णाचा नियम. पूजेला आलेल्या आईने ती पट्टी पाहिली. "तोंड बांधून नैवेद्य दाखवतात काय रे? स्वल्प उघड की." अण्णा कुणाचं ऐकणारा नव्हता, पण सणाच्या दिवशी आईला कोण दुखवणार. त्याने पट्टी काढली. गंध लागलं, नैवेद्य झाला, आम्ही सगळ्यांनी अक्षता टाकल्या. पूजेनंतर अवजारांना हात लावायचा नाही, म्हणून भोकात फुंकर मारायला हवेचा पाइपही उचलता आला नाही. अण्णाने बॅटरी मारून आत पाहिलं आणि पुन्हा पट्टी लावली. दसऱ्याचा मुहूर्त साधायचा म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडताच बोअरवेलवाला जीप घेऊन दारात हजर.

मीही आनेकलला गेले होते. मशीन सुरू झालं, टर्बोने सुरेख शीळ धरली आणि अण्णाने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मग ती शीळ किंचाळी झाली. दांडा तुटला होता. तिथेच माळावर अण्णाने यंत्र उघडलं, तेव्हा तेलाच्या वाटेत अडकलेला तांदळाचा दाणा निघाला, करपलेला, एका टोकाला अजून लाल. अण्णाने तो बोटांनी चुरडला. बोअरवेलवाल्याला म्हणाला, "तप्पु नंदे." चूक माझीच. घरी आईला सांगितलं, लोखंड खराब निघालं. खरं सांगू नकोस, हे त्याला मला बजावावं लागलं नाही.

पण अण्णाच्या हाताला आता पहिल्यासारखी सफाई राहिली नाही, ही गोष्ट शहरभर पसरली. लॉरीवालेही येईनासे झाले. शेड गेली. तो एका कारखान्यात दारावर बसू लागला. पुढच्या खंडेनवमीला पूजेला त्याची सायकलच होती. "गेल्या वर्षी पूजेत काहीतरी कमी पडलं," म्हणत आईने तिच्यावर मूठभर अक्षता जास्त टाकल्या. अण्णा मान खाली घालून हात जोडून उभा होता.

आता दोघंही नाहीत. मला आईचा अजून राग येतो, आणि तिच्याशिवाय सण सुना वाटतो तो वाटतोच. तो दाणा तिच्या हातचा होता की माझ्या, हेही कधी कळायचं नाही. शेजारीण दर वर्षी माझ्या स्कूटरसाठी अक्षता आणून देते. मी त्या घेते आणि ती आत जाईपर्यंत मूठ मिटून उभी राहते. त्या टाकायला हात उचलत नाही.