बाबीदादांचं गाऱ्हाणं

कोकणातल्या आमच्या रस्ते विभागाच्या कचेरीत युनियनची बैठक नारळाशिवाय सुरू होत नसे. रोलरचे ड्रायव्हर आणि युनियनचे सेक्रेटरी बाबीदादा नाचणकर साहेबांच्या टेबलावर मधोमध नारळ ठेवायचे, डोळे मिटायचे आणि देवाला गाऱ्हाणं घालायचे. "बा देवा महाराजा, काय चुकला-माकला आसल ता पोटात घाल रं महाराजा!" मागे उभे असलेले गडी हात जोडून एका सुरात म्हणायचे, "व्हय महाराजा!" मी कामगार अधिकारी, साताऱ्याकडचा. पहिल्या बैठकीला घोषणा ऐकायची तयारी करून गेलो होतो, हे ऐकून गारच पडलो.

मुद्द्यावर आले की मात्र बाबीदादा फणसाच्या चिकासारखे. सुटता सुटत नसत. "सायब, तुमी नुसता 'बघू' म्हनताव. बगून बगून आमचे डोले दुकाय लागले!"

पंच्याऐंशीच्या सुमारास वरून हुकूम आला, रोजंदारीवरचे गडी कमी करा. तेही गणपतीच्या तोंडावर! बोलणी फिसकटली, दुसऱ्या दिवसापासून संप ठरला. आमचे साहेब, म्हणजे कार्यकारी अभियंता, कोकणातलेच, राजापूरकडचे, तापट. ते तसूभर हलायला तयार नव्हते. शेवटच्या बैठकीला बाबीदादांनी नारळ ठेवला.

"बा महाराजा, ह्या पोरांच्या घरात गनपती येतोय. त्यांना कामावर ठेवायची बुद्धी सायबाला दे रं महाराजा!"

"व्हय महाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज साहेबांचा होता. जन्माची सवय, दुसरं काय! हात जोडलेले, डोळे मिटलेले.

डोळे उघडले तेव्हा साहेब लालबुंद झाले होते. गडी हसू दाबत होते. मी मनात म्हटलं, आता हा माणूस साहेबांना शब्दात पकडणार. पण बाबीदादा म्हणाले, "सायब, ता तुमी देवाला बोललाव, आमाला नाय. आमी ता धरनार नाय. चला, भांडूया आता."

साहेबांनी टेबलावरच्या नारळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "देवाला एक नि तुला एक सांगू काय रे बाबी? राहू देत पोरं कामावर. वर काय उत्तर द्यायचं ते मी बघतो."

बाहेर पोरं जयजयकार करायला तोंड उघडणार, तोच बाबीदादांनी दटावलं, "गप ऱ्हावा! सायब खिडकीत हाय. आपन जितलाव ना? मंग त्याला हरल्यागत घरी धाडू नुको. उद्या परत त्याच्याच म्होरं बसायचा हाय."

नोकरीत शिकलेलं एवढंच मला शेवटपर्यंत उपयोगी पडलं. पुढे बदलीवर नाशिकला असताना बाबीदादा गेल्याचं मला कळलं. हा माणूस कायम टेबलाच्या पलीकडे बसला, पण त्या दिवशी मला आपल्याच बाजूचं माणूस गेल्यासारखं रडू आलं.